घरात माणसं किती?

आनंदा चौगुलेला कुणी ‘किती जण?’ असं विचारू नये. विचारलंच, तर तो जो आकडा सांगेल त्याच्या निम्मा धरावा आणि मगच पुढचं बघावं.

हे मी अनुभवाने सांगतेय. शिरोलीच्या ज्या कारखान्यात मी माणसांच्या रजा, हजेऱ्या आणि कटकटी सांभाळते, तिथेच आनंदा सीएनसी मशिनवर सेटर, म्हणजे कामाप्रमाणे मशिन जुळवून देणारा, होता. आमच्याकडे पंपांचे सुटे भाग होतात. खंडेनवमीला मशिनची पूजा झाली की ऑफिसातली दोघं-तिघं आणि मशिनवरची दोघं-तिघं मिळून मिसळ खायला जायचं, अशी आमची पद्धत. मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. आम्ही चौघं गेलो. दारात मालकाने विचारलं, “किती जण?” आनंदा म्हणाला, “सात.”

मी मागे वळून बघितलं. मागे रस्ता होता आणि एक म्हैस होती.

“अहो आनंदराव, आपण चार आहोत.”

“असू दे की मॅडम. कोण ना कोण येतंय.”

सात मिसळी आल्या. तीन आमच्यासमोर निवत बसल्या आणि माझा जीव वर-खाली व्हायला लागला. मी बोलूनचालून एकटी राहणारी बाई. उरलेली पोळी दुसऱ्या दिवशी कुस्करून फोडणीला टाकणारी. एवढ्यात ह्याने, जागा नाही म्हणून दारातनंच परत निघालेल्या तिघांना हाक मारली. “ओ पावणं! कुठं चाललाय? या हिकडं, तुमचंच वाढून ठेवलंय!” ती माणसं ह्याच्या ओळखीची ना पाळखीची. येऊन बसली, खाल्लं, रस्सा दोनदा मागवला. त्यातला एक हातकणंगल्याचा निघाला आणि पुढे दोन-तीन वर्षांत आनंदाचा व्याही झाला. म्हणजे ह्या माणसाने पोरीचं लग्न जास्तीच्या मिसळीवर जमवलं. आता बोला!

उचगावात त्याचं घर. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागे गोठा. त्यात हा, बायको, आई, धाकटा भाऊ, भावजय, त्यांची पोरं. शिवाय कुणाचा तरी भाचा परीक्षेला आलेला, कुणाच्या तरी मावशीचं दवाखान्यात ऑपरेशन असलेलं, आणि एक म्हातारे गृहस्थ असे होते की ते नक्की कुणाचे कोण, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा मी आनंदालाच विचारलं. तो म्हणाला, “बाच्या येळंपास्नं हायत. आता कसं इचारायचं?”

हा बा, म्हणजे आनंदाचा बाप, मी काही पाहिला नाही. पण तो संध्याकाळी दारात बसून बाहेरच्या चपला बघायचा म्हणे. चपला कमी दिसल्या की त्याचा पारा चढायचा. “आज काय गाव उठलंय काय?” असं ओरडायचा, आणि रस्त्यावरनं कुणाला तरी आत ओढून आणल्याशिवाय ताटावर बसायचा नाही. आनंदाचं वळण तिथलं.

ह्या घरात मी पहिल्यांदा गेले ती म्हाईला. म्हाई म्हणजे आमच्याकडच्या गावची जत्रा, आणि जत्रा म्हणजे मटणाचं जेवण. ज्याच्या दारात पंगती जास्त, त्याची त्या वर्षी मान ताठ. पुढे पंगतीवर पंगती उठत होत्या आणि स्वयंपाकघरात शोभावहिनी, म्हणजे आनंदाची बायको, चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होत्या. बारीक अंगाच्या, बोलायला खणखणीत. मी शेजारी बसले. त्यांनी विचारलं, “मॅडम, तुमच्यात किती माणसं?”

“मी एकटीच.”

त्यांच्या हातातली भाकरी तशीच राहिली. “एकटीच? म्हंजे सकाळी उठल्यावर घरात कोणच न्हाय?”

“कोणीच नाही.”

“न्हाणीला नंबर न्हाय?”

“नाही.”

“आयाया! नशीब काढलंसा.”

माझं लग्न झालं नाही ह्याबद्दल आजवर लोकांनी हळहळ व्यक्त केली होती, स्थळं सुचवली होती, एकीने उपास सांगितले होते. हेवा करणारी बाई मला पहिल्यांदा भेटली. मी तिथेच त्यांच्या प्रेमात पडले.

“मी लगीन करून आलो तवा वाटलं, कार्य हाय म्हणून गर्दी,” त्या भाकरी तव्यावर टाकत म्हणाल्या. “पावणं जातील, मग घर मोकळं हुईल. वाट बगितली, वाट बगितली. मग कळलं, ह्ये असंच हाय. ह्यांच्यासंगट दोन शब्द बोलायचं तर गोठ्यात जाया लागतंय, आनि तितं म्हस ऐकत असती. एकदा तरी मॅडम, दोघांपुरता भात लावायचा हाय बगा मला. ह्या मोठ्या पातेल्याला हात न लावता.”

त्या पातेल्याकडे मी बघितलं. त्यात मी मावले असते.

जर्मनीचं बी पडलं तेही त्याच म्हाईत. आमचा माल घेणाऱ्या तिकडच्या कंपनीचा एक इंजिनिअर त्या आठवड्यात तपासणीला आला होता. दोन दिवस आनंदाच्या मशिनपाशी उभा राहून तो एक अक्षर बोलला नव्हता. आनंदाने साहेबांना न विचारता त्याला परस्पर जेवायचं आवतण दिलं. भला उंच माणूस पंगतीत मांडी घालायला लागला तर त्याचे गुडघे शेजारच्यांच्या ताटात जात होते. पांढरा रस्सा तो दुधासारखा प्यायला. मग कुणीतरी तांबडा वाढला. दोन घोट घेऊन त्याच्या डोळ्यांतनं पाणी, टाळूवरनं घाम. आनंदाच्या आईने “लेकरू उष्ट्यावर झोपंल” म्हणत त्याला उठवून आतल्या खोलीत आडवा केला आणि पदराने वारा घातला. दोन तास झोपून तो उठला, सगळ्यांशी हात मिळवले आणि गेला. काही महिन्यांनी त्याच्याकडनंच निरोप आला: आमच्याकडे सेटर मिळत नाहीत, तुमच्या त्या माणसाला यायचंय का?

आनंदाने विचारलं, “तितं माणसं हायत का पर?” मी म्हटलं, “असतील की. देश आहे तो.” त्याला खात्री वाटत नव्हती. पण वहिनींनी आदल्या रात्रीच ठरवून टाकलं होतं. पोरगी हातकणंगल्याला सुखात होती, आईला धाकट्याने सांभाळलंच असतं. आधी त्याने जायचं, नोकरीत आणि घरात स्थिर व्हायचं, मग बायकोचा राहण्याचा परवाना काढायचा आणि तिला न्यायचं. “वरीसभरात न्हेतो,” आनंदा म्हणाला. वहिनी म्हणाल्या, “सगळ्यांदेखत बोला.” मग तो पुढच्या खोलीत येऊन सगळ्यांदेखत बोलला.

दोघांनी राजारामपुरीत जर्मनचा क्लास लावला. त्याला भाषा येणं भाग होतंच, आणि बायकोलाही परवान्याआधी एक सोपी परीक्षा द्यावी लागते. क्लासात सगळ्या विशी-बाविशीच्या नर्स पोरी, आणि मागच्या बाकावर हे जोडपं. वहिनींचा उत्साह बघण्यासारखा होता. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, पण नवऱ्याच्या शेजारी तासभर बसून काही करायचं, मध्ये कोणी नाही, असं हे पहिल्यांदाच. त्या पहिल्या फटक्याला पास झाल्या. आनंदा लटकला. तोंडी परीक्षेत ‘तुमच्या कुटुंबाबद्दल सांगा’ असं विचारलं होतं. बाकीची पोरं आई, बाप, एक भाऊ म्हणून मोकळी झाली. हा सुरू झाला तो चुलत घरापर्यंत आला, आणि वेळ संपली.

“निम्मी भावकी ऱ्हायली की वो मॅडम,” मला येऊन सांगत होता.

दुसऱ्या खेपेला तो कसाबसा पास झाला. त्याच्या व्हिसाच्या मुलाखतीला तर मुंबईला जीपभर माणसं गेली. मी हात जोडून सांगितलं होतं, एकट्यालाच आत सोडतात. “मग बाहीर उभी ऱ्हातील. एवड्या मोठ्या कामाला एकटं जायचं म्हंजे, लोक काय म्हनतील?” कुठले लोक, मुंबईतले? बाकीची मंडळी रस्त्याच्या कडेला वर्तमानपत्र पसरून भडंग खात बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला देत राहिली. व्हिसा मिळाला. तो आपल्या कामामुळे मिळाला की माणसं बरोबर होती म्हणून, ह्याबद्दल आनंदाच्या मनात आजही शंका नाही.

तो गेला आणि कारखान्यात दुपारची सुट्टी एकदम ओसाड झाली. मला करमेना, खोटं कशाला सांगू. ज्या माणसाचे अर्ज दुरुस्त करता-करता मी कपाळावर हात मारायची, त्याच्यावाचून डबा घशाखाली उतरेना.

तिकडे त्याची अवस्था माझ्यापेक्षा वाईट होती. लहानसं गाव, तिसऱ्या मजल्यावर एक खोली, तिला लागून स्वयंपाकाचा ओटा. व्हिडिओ कॉलवर दाखवायचा: “ही खोली. ही खिडकी. ह्यो मी. संपलं.” जेवताना मोबाईल डब्याला टेकवून उभा करायचा आणि उचगावातली अख्खी पंगत समोर ठेवून जेवायचा. शेजाऱ्यांना जिन्यात जेवायला बोलवायचा. ते हसून दार लावून घ्यायचे. “दार लावत्यात मॅडम,” तो सांगायचा. “तोंडावर न्हाय. हळूच लावत्यात. पर लावत्यात.”

पुढे त्याला धो धो पावसाच्या गगनबावड्याचा एक वेल्डर सापडला. जर्मनीतल्या पावसाबद्दल सगळे रडायचे तेव्हा हा एकटा ‘काय न्हाय, भुरभुर हाय’ म्हणायचा, त्यावरनं आनंदाने ओळखला. मग सांगलीची दोन पोरं, केरळचा एक नर्स. रविवारी सगळे ह्याच्याकडे जेवायला यायला लागले. राहत कोणी नव्हतं. जेवून, भांडी घासून आपापल्या घरी जायचे. पण रविवारी दारात चपला दिसायला लागल्या आणि आनंदाच्या आवाजात जान आली.

वर्ष होत आलं. वहिनींचे कागद गेले. आणि एका दुपारी मी डबा उघडला तर त्याचा फोन. मागे चार पोरं, इस्त्रीच्या शर्टात, केस चापून-चोपून.

“मॅडम, झालं काम!”

“काय झालं?”

“परदेशी लोकांचं हापीस असतंय हितं, तितं बलावलंतं. शोभाच्या परवान्याचं. बाई लई चांगली वो. मी पोरं घेऊन गेलतो.”

“पोरं कशाला?”

“कशाला म्हंजे? पोरगी मागाय एकटंच जात्यात व्हय?”

“आनंदराव, तुमचं लग्न झालंय.”

“आपल्याकडं झालंय. त्यांच्या लेखी ही नवीच सोयरीक की! आता ती बाई म्हंजे शोभाच्या बाजूची, आनि आपुन न्हेणारं. तिनं इचारलं बी तसंच. नोकरी कसली, पक्की का, घर सोताचं का भाड्याचं. म्हटलं, पोरगी द्यायच्या आदी इचारतंय, चांगल्या घरातली बाई हाय. मग इचारली, घरात माणसं किती?”

माझा घास हातात राहिला. “काय सांगितलंत?”

“आठ.”

मी डोळे मिटून घेतले.

“न्हाय, तुमीच सांगा. एकटाच ऱ्हातो म्हटलं असतं तर काय इज्जत ऱ्हायली असती? म्हनली असती, ह्याला कुत्रं इचारत न्हाय, ह्याच्या घरात पोरगी टाकायची कशी? पाच तर आमीच हुतो समोर, त्यात अजून तीन टाकलं, जरा वजन पडावं म्हणून. ती परत इचारली, ह्याच खोलीत? म्हटलं, ह्याच खोलीत. पोरांनी बी माना हलवल्या. लगीच लिवून घेतलं बगा!”

“आणि खोली केवढी, ते?”

“ते कागदात हायच की. मी म्हटलं, खोली ल्हान हाय पर मन मोठं हाय. जर्मनमधी म्हटलं!”

मी त्याला समजावायचा प्रयत्न केला. अहो, ती सोयरीक बघत नाही, जागा बघतेय. माणशी किती जागा ते मोजतात तिकडे. त्याला पटेना. तो निघताना बाई उठून उभी राहिली होती, हात मिळवला होता, दारापर्यंत आली होती. एवढं कोण करतं, काम झाल्याशिवाय?

त्याने तेवढ्यावर उचगावला फोन करून टाकला. दोन दिवसांत चौकात फलक लागला. वहिनींचा लग्नातला फोटो मोठा करून, मागे विमान, खाली भावकीतले सगळे चेहरे ओळीने: ‘सौ. शोभाताई आनंदा चौगुले यांची जर्मनीसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ निवड! गल्लीतल्या बायकांनी ओट्या भरल्या. निरोपाची जेवणं झाली. वहिनींनी स्वतःसाठी एक छोटं पातेलं घेतलं, दोघांपुरतं. बॅगेत तळाशी, साडीत गुंडाळून ठेवलं. मला आवर्जून दाखवलं.

आणि मग पत्र आलं. एका खोलीत आठ माणसं राहत असताना नववीला जागा कुठली, ते दाखवा. नाहीतर अर्ज नामंजूर करावा लागेल.

वहिनींची जी काही दैना झाली ती आठवली की मला अजून राग येतो. निरोप देऊन झालेली बाई गावात राहायची म्हणजे काय, विचारा. “काय वो, गेला न्हाईसा?” “इमान चुकलं काय?” एका म्हातारीने तर ओटीतल्या नारळाचं काय केलंस म्हणून चौकशी केली. डेअरीला दूध घालायला जायचं तर त्या फलकाखालनं जावं लागायचं. उन्हाने विमान फिकट झालं, वहिनींचा चेहरा पिवळा पडला, पण फलक काही उतरला नाही, कारण तो उतरवणं अपशकुनी म्हणे. त्या शेताच्या बांधावरनं लांबचा फेरा घालून जायला लागल्या. एका रविवारी माझ्याकडे येऊन बसल्या. चहा केला तर घेतला नाही. बराच वेळ माझ्या गप्प घराकडे बघत राहिल्या.

“मॅडम, ह्या माणसानं मला गर्दीत ठेवलं आनि गर्दीपायीच हितं ठेवलं,” असं म्हणून त्या रडल्या. मी बायका रडल्या की पाणी आणायला आत जाणारी बाई. त्या दिवशी मात्र तिथेच बसून राहिले.

आनंदा रजा काढून आला तो पुन्हा म्हाईच्याच दिवसांत. गालफाडं बसलेली. मी त्याला आल्या-आल्या फैलावर घेतलं, तेवढं माझं कामच आहे. दुसऱ्यांदा भेटायची वेळ मिळाली होती. घरमालकिणीचं पत्र हवं होतं, ते मिळण्यासारखं होतं. पण त्या बाईसमोर बसून त्याने स्वतःच्या तोंडाने नीट सांगायला हवं होतं की मी एकटा राहतो. आणि हे वाक्य त्याला म्हणता येत नव्हतं.

माझ्या घरी सराव ठरला. मला जर्मन येत नाही, तेव्हा हापिसातली बाई झाल्या वहिनी. माझा चष्मा नाकावर, पदर खोचलेला, माझ्या जेवायच्या टेबलामागे ताठ बसलेल्या. त्यांनी जर्मनमध्ये विचारलं, घरात माणसं किती?

आनंदा पुढे वाकून म्हणाला, “पाच.”

“परत.”

“तीन.”

“परत!”

“दोन.”

मी न राहवून विचारलं, “हा दुसरा कोण?”

“असू दे की मॅडम! एकदम एक कसं म्हणायचं? अभद्र वाटतंय. बा वरनं ऐकत असंल तर म्हणंल, कार्टं बुडालं.” त्याने घाम पुसला. “आनि खोटं बोलल्यागत बी हुतंय. पोरं येत्यात की.”

वहिनींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. जर्मन सोडली.

“मी खोटं बोला म्हणतोय व्हय? रविवारचं सोडा. सोमवारी कामावरनं येऊन दार उघडल्यावर कोण असतंय घरात?”

आनंदा टेबलावरचा चष्मा सरळ करायला लागला.

“सांगा की.”

“कोणच न्हाय.”

“मग त्येच सांगायचं हाय. हितं बारा माणसं हायत. न्हाणीला नंबर हाय, जेवाय पंगत हाय. पर तुमी गेल्यापास्नं मी बी एकटीच हाय. मला कोण इचारत न्हाय घरात माणसं किती म्हणून. इचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं.”

आनंदा टेबलाची कड नखाने खरवडत बसला. मग मान वर न करता तो हळूच म्हणाला, “इश वोने अलाइन.”

मला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं कळलं. हे वाक्य मी मराठीत कैक वर्षं म्हणत आलेय: दूधवाल्याला, गॅसवाल्याला, नव्या शेजाऱ्यांना. त्या दिवसापर्यंत मला ते कधी जड गेलं नव्हतं.

“पर रविवारी पोरं जेवाय येत्यात, ते सांगू का?” त्याने विचारलं.

“नाही!” आम्ही दोघी एकदम ओरडलो.

पुढचं त्याने फोनवर सांगितलं. ह्या खेपेला एकटाच गेला. पोरं यायला तयार होती, त्यांना त्याने गल्लीच्या तोंडाशी उभं केलं, आत आणलं नाही. बाई तीच. प्रश्न तोच. ह्याने वाक्य म्हटलं, पाठ केलं होतं तसंच. म्हटलं आणि एकदम हमसून रडायला लागला.

“का वो मॅडम, काय कळलं न्हाय. बोललो आनि बांधच फुटला. बाई घाबरली. उठली, पाणी आनलं, कागदाचा रुमाल दिला. म्हणाली काय तरी, मला कळलं न्हाय. मग कागद वाचत बसली, परत माज्याकडं बगितलं, आनि म्हणाली, बायको कवा येनार? म्हटलं, ते तुमीच सांगा.” आणि वर म्हणाला, “चांगली हाय वो बाई. म्हाईला बलवाय पायजे.”

परवाना मिळाला. वहिनींनी ह्या वेळी गल्लीत कुणाला कळू दिलं नाही. ओटी नाही, पेढे नाहीत, फलक तर नाहीच. जुना फलक धाकट्या दिराने शेवटी उतरवला आणि गोठ्यावर घातला, गळत होतं तिथे. त्यामुळे वहिनी अजून उचगावात आहेत, विमानासकट, म्हशीच्या डोक्यावर.

आनंदा न्यायला आला होता. पुण्या-मुंबईकडच्या बस हायवेवर उड्डाणपुलाजवळ थांबतात, तिथे मी निरोपाला गेले. मी, धाकटा भाऊ आणि आई, एवढेच. वहिनींच्या पायात नवे बूट, डोक्यावर पदर, हातात ती पातेल्याची बॅग; ती त्या कुणाला धरू देत नव्हत्या. आनंदाची मात्र घालमेल चालली होती. सारखा मागे रस्त्याकडे बघायचा. कोण येतंय का, निदान एक रिक्षा भरून? “एवड्या लांब चाललोय मॅडम, आनि माणूस न्हाय पोचवाय,” तो माझ्या कानाशी म्हणाला. मी म्हटलं, “मी आहे की.” “तुमी हाय वो,” तो म्हणाला, पण डोळे रस्त्यावरच.

बस आली. दारातनं ट्रॅव्हल्सचा माणूस उतरला, हातात यादी, कानाला फोन. वर न बघताच त्याने विचारलं, “किती जण?”

मी आनंदाच्या तोंडाकडे बघितलं. ते उघडलं. त्याचा हात सवयीने वर आला, बोटं पसरली. वहिनींनी बॅग ह्या हातातनं त्या हातात घेतली, बाकी काही केलं नाही.

“दोघं,” आनंदा म्हणाला.

त्या माणसाने यादीवर खूण केली आणि फोनवर बोलत राहिला. त्याला काय कळणार! आनंदाने त्याच्या खांद्याला हात लावून परत सांगितलं, “दोघंच हाय आमी. ही आनि मी.” आवाज जरा मोठाच होता. शोभावहिनींनी पुलाकडे तोंड फिरवलं आणि पदराने नाक पुसलं.

दोघं आईच्या पाया पडली, वर चढली. बस हलायला लागली आणि दारात पुन्हा आनंदा दिसला, एक पाय पायरीवर, एका हाताने दांडी धरलेली, दुसरा हात त्या ट्रॅव्हल्सच्या माणसाच्या खांद्यावर. इंजिनच्या आवाजावर त्याचा आवाज चढला: “पावणं, गाव कंचं तुमचं? तिकडं कवा आला तर सरळ घरला यायचं, काय? पत्ता लिवून घ्या! घरातली समदी घेऊन—”

आतून वहिनींचा हात आला, त्याच्या शर्टाची बाही धरली, आणि तो आत गेला.